तेल गप्प होईपर्यंत

...पाण्यात सोडली की आधी काहीच होत नाही. चकती तशीच कडक, काचेसारखी, अंगावर वाळवणाच्या चटईची जाळी उमटलेली – आणि मग कडेपासून ती हळूहळू ताठा सोडते, बोटाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. परातीवर वाकून श्वेता ती तांदळाची चकती पाण्यात फिरवत होती. हेच ते, आत्ताच काढायला हवी, असं तिला वाटलं आणि तेवढ्या वाटण्यातच उशीर झाला. उचलली तर ओल्या रुमालासारखी स्वतःलाच चिकटली आणि मधोमध फाटली.

"काय करून राहिली वं?" स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई, भीमाबाई. त्यांच्या कडेवर रोशनी. "तांदळाची पापडी भिजू घातली? ती तर सुकीच तळते ना."

"भिजवून, आत सारण भरून, मग तळायची आई. व्हिएतनामचे रोल आहेत."

"म्हणजे त्या बायांनी वाळवलं, आपण भिजवलं, आता तेलात पुन्हा वाळवायचं. काम नाही का कोणाले?"

श्वेता हसली. खरंच, काम कमी होतं म्हणून का हे सगळं... जरीपटक्याच्या बाजारात तांदळाच्या बारीक शेवया शोधत फिरणं, गाजर किसून, कांदा चिरून कपड्यात घट्ट पिळणं, कोंबडीच्या खिम्यात अंडं आणि मिरपूड कालवणं. चकत्यांचं पाकीट मागवलं ते नेमकं वाडीच्या गोदामातून निघालं, जिथे तिचा नवरा प्रेमानंद सुपरवायझर आहे. "माझ्या नाकाखालून गेलं तुझं पार्सल अन् मले पत्ता नाही," तो म्हणाला होता. त्याने विचारलं नाही काहून मागवलं. विचारलं असतं तर सांगता आलं असतं का?

सांगायचं तर ते फोनपासून सुरू झालं. रोशनी तान्ही असताना, हातावर झोपलेली असताना श्वेता एका हाताने फोन धरून पाककृती बघायची, आवाज बंद करून, पोर उठू नये म्हणून. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हिला ऐकूच येत नाही. म्हणजे ती उठलीच नसती, ढोल वाजवला असता तरी. पण आवाज बंदच राहिला... काही सवयी कारण संपल्यावरही घरात वावरत राहतात. त्यातलीच ती फोनमधली बाई – तळलेला रोल शेवटी तोंडाजवळ धरून मोडणारी, मोडताना डोळे मिटणारी आणि मग स्वतःशीच हसणारी. श्वेताने तिला कितीदा पाहिलं असेल. कसा वाजत असेल तो? अंगठा आवाज वाढवायला गेला होता एकदा, आणि थांबला.

कारण तोवर रोशनीचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. कानामागे यंत्र, आणि डोक्याला चुंबकाने चिकटणारी एक गोल चकती. यंत्र सुरू झालं त्या दिवसापासून श्वेता आवाज वाटत सुटली होती – कुकरची शिट्टी, दाराची बेल, वाटीवर चमचा. आधी कानाला बोट, मग "ऐक", मग आवाज, दवाखान्यातल्या मॅडमनी शिकवलं होतं तसं. पण ते सगळे आवाज श्वेताला पाठ होते. उत्तर माहीत असलेल्या मास्तरणीसारखी ती लेकीच्या तोंडाकडे बघत बसायची, आणि लेक हात वर न्यायची नि चकती उपटून टाकायची. परवा ती फ्रिजला चिकटलेली सापडली. त्याआधी स्टीलच्या डब्याला.

"यंत्र डोक्यावर राहिलं तर बोलणं येईल," मॅडम म्हणाल्या होत्या. "हे वय निघून जातं हो." तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला घाई लागली होती, अंघोळीला, जेवणाला, लेकीच्या झोपेलासुद्धा. म्हणून रोल मोडण्याचा हा एक आवाज श्वेताने राखून ठेवला. हा मलाही ठाऊक नाही. हा दोघींनी एकदमच ऐकायचा.

तांदळाची दुसरी चकती तिने जरा कडक असतानाच काढली. पाटावर पसरली, सारण ठेवलं, कडा आत घेतल्या, गुंडाळली – वा! आतलं गाजर अंधूक केशरी दिसत होतं, पातळ कातडीखालच्या शिरेसारखं. एवढी नाजूक वस्तू आणि चांगलीच धरून होती.

"बाळंत्यात गुंडाळल्यावानी दिसते," भीमाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याही आवाजात कौतुक होतं.

कढईत रोल एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, लागले की चिकटतात. श्वेताने अंतर राखून तीन सोडले. पण एकाच्या अंगावर पाणी राहिलं होतं – तड्! तेल उडालं, श्वेता मागे सरली, आणि मागे वळेपर्यंत रोशनीचा हात वर गेलेला. यंत्रासकट चकती ओढून तिने मुठीत धरली होती.

"रोशनी, नाही–" श्वेताने ती मूठ सोडवून चकती हातात घेतली. पोरीने मान फिरवली.

"राहू दे वं घडीभर," भीमाबाई म्हणाल्या. "मीच दचकली. तिच्या तर डोक्यातच फुटलं असंन."

श्वेता चकती मुठीत धरून कढईकडे वळली. सासूबाई रोशनीला टाच आपटून बोलावतात, जमिनीतून तिला कळतं आणि ती धावत येते. मॅडमनी तसं बोलवायचं नाही म्हणून सांगितलंय, म्हणून श्वेता खोलीत नसली की मगच त्या टाच आपटतात. श्वेताला हे माहीत आहे. आणि आपण बोलावल्यावर ती कधी अशी धावत येत नाही, हेही.

रोल किती वेळ तळायचे? फोनमधली बाई मध्येच कढईकडे कान कलता करायची आणि मान हलवायची, झाले म्हणून. काय ऐकायची ती? श्वेतानेही कान दिला. पंखा, बाहेर भाजीवाल्याचा भोंगा, तेलाची एकसारखी चरचर... काही कळेना. आणि तेवढ्यात आजीच्या कडेवरून रोशनीने दोन्ही तळवे एकमेकांवर आणून मिटले.

ही तिची स्वतःची खूण, कोणी शिकवलेली नाही. कपातलं दूध संपलं की ही खूण. नळ गेला की, बापाची गाडी वळणाआड गेली की. संपलं. ती कढईकडे बोट दाखवत होती. श्वेताने पाहिलं: मघाचे मोठे, गर्दी करणारे बुडबुडे गेले होते, रोलांच्या कडेने बारीक, तुरळक मणी तेवढे राहिले होते.

तिने तेल गप्प झालेलं पाहिलं. कान मी देत होते आणि मला कळलं नव्हतं.

झारा तसाच हातात राहिला क्षणभर. केवढी ही, अजून तीनचीही नाही, आणि कुठून कुठून काय वेचून ठेवते... आणि मी रोज तिच्यासमोर बसून तिला काय येत नाही तेवढं मोजत होते.

रोल ताटलीत काढले. सोनेरी, अंगभर बारीक फोड आलेले, त्या बाईच्या होते तसेच. आपल्या हातून झाले हे खरं वाटेना. निवल्यावर मी जमिनीवर बसले, रोशनी समोर, तिच्या हातात एक रोल. माझ्या मुठीतली चकती तिने पाहिली आणि तिची हनुवटी घट्ट झाली. मी मूठ उघडली. चकती ताटलीच्या काठाला आपणहून चिकटली.

"घाल ना मग तिले," भीमाबाई म्हणाल्या. "याच्याचसाठी तर केलं ना सारं?"

"राहू द्या, आई."

मी रोल दातांत धरला आणि दोन्ही तळव्यांनी माझे कान दाबून बंद केले.

"आता तुले काय झालं वं–" एवढं पुसट आलं, पुढे नुसतेच त्यांचे ओठ हलले. मी चावले.

बाहेरून काही आलंच नाही. आतूनच फुटलं – दातांतून, जबड्यातून, कवटीभर, एवढं मोठं की मी डोळे मिटले, त्या बाईसारखे. उघडले तेव्हा रोशनी अगदी जवळ आली होती. तिने माझ्या जबड्यावर तळवा ठेवला, आणि दुसऱ्या हातातला आपला रोल तोंडात घालून चावला. थांबली. डोळे मोठे करून माझ्याकडे, मग रोलकडे बघत राहिली. पुन्हा चावला.

तिच्यापर्यंत काय पोहोचलं, कोण सांगणार... ठेच पोहोचली असेल, थरथर पोहोचली असेल, की माझा हलणारा गाल तेवढा. तिची नजर ताटलीच्या काठावर गेली, त्या गोल चकतीवर, आणि तिथेच रेंगाळली. उचलेल, किंवा पलंगाखाली भिरकावेल. भीमाबाई वरून काहीतरी म्हणत होत्या. मी कानांवरचे हात काढले नाहीत. जबड्यावरचा तो तेलकट तळवा उचलला जाऊ नये म्हणून तोंडातला घास मी सावकाश, अगदी सावकाश चावत राहिले.