पिणार तर समोर

मैनाबाई माजलगावाकडून तारापूरला आली ती नवऱ्याबरोबर राहायला नाही. नवरा पितो का, ते बघायला आली.

गावात तिच्या कानावर आलं होतं की अणुवीज केंद्राच्या बांधकामावर मुलखाबाहेरची हजारो माणसं जमली आहेत, बायकापोरं कुणाजवळ नाहीत, आणि तिकडं तर झाडालाच दारू लागते. सांगणाऱ्यानं हे हसत सांगितलं. मैनाबाईला हसू आलं नाही. तिचा बाप हातभट्टीच्या पायी वयाच्या चाळिशीत गेला होता, आणि जाण्याआधी त्यानं घरातलं एकही भांडं बिनपोच्याचं ठेवलं नव्हतं. तिनं सात वर्षांच्या बायडीला आईकडं ठेवलं आणि एकटीच गाडीत बसली.

रामकिसन खलाशांच्या टोळीचा मुकादम होता. खलाशी म्हणजे साखळ्या आणि कप्प्या लावून अवजड यंत्रं जागेवर बसवणारे. तीन वर्षं तो बराकीत राहत होता. बायको आली म्हटल्यावर त्यानं तिची सोय नरहरी फोरमनच्या क्वार्टरमध्ये केली. दुसऱ्याच दिवशी, विहिरीवर कुणी नाही असं बघून, मैनाबाईनं सरळ विचारलं,

"पिता का?"

"न्हाई."

तिनं बादली उचलली. तो तिथंच उभा होता.

"पण प्यायची हाय," तो म्हणाला.

मैनाबाईनं बादली खाली ठेवली.

"गोऱ्या साहेबांच्या बंगल्यावर सामान उतरवायला गेलतो. बर्फाच्या पेटीत बाटल्या व्हत्या. बाटलीला बाहेरून घाम सुटलेला. बियर म्हंत्यात. दोन वर्सं झाली, मनातून जात न्हाई. चोरून जमलं असतं. टोळीतली निम्मी पोरं पित्यात. पण म्या ठरवलं, पिणार तर तुझ्यासमोर."

"आन् म्या नगं म्हनलं तर?"

"तर न्हाई पिणार. मनातून गेली असं मात्र खोटं सांगणार न्हाई."

दोन दिवस तिनं कामात घालवले. नरहरीच्या बायकोकडं चटण्या कुटल्या, गोधडीला टाके घातले. बाप कधी एवढं खरं बोलला होता का, हे ती आठवून बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चला. बघतेच."

शनिवार-रविवार जोडून सुट्टी होती. नरहरीच्या ओळखीनं रामकिसननं परमिट काढलं होतं, कारण दारूबंदीच्या त्या दिवसांत परमिटाशिवाय बियर मिळत नसे. एसटीनं पालघरला जाताना मैनाबाईनं तो कागद मागून घेतला. ती चौथी शिकलेली होती.

"'प्रकृतीसाठी आवश्यक.' काय झालंय तुमच्या प्रकृतीला?"

"काय न्हाई. समद्यांचं असंच लिवत्यात."

"म्हंजे सरकारशी खोटं आन् बायकोशी खरं."

"उलटं करन्यापरीस बरं," रामकिसन म्हणाला. मैनाबाईनं खिडकीबाहेर तोंड केलं, कारण तिला हसू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये पिशवी टाकून दोघं बाजारात शिरली. परमिट रूम एका जुन्या हॉटेलाच्या मागच्या खोलीत होती. मालक बेहरामशेठ, पांढऱ्या मिशांचे पारशी. त्यांनी आधी परमिट पाहिलं, मग मैनाबाईकडं पाहिलं.

"बाई मानसाला आत बसायची जागा नाय. पन उभी नको राहू तू."

त्यांनी एक खुर्ची आणून हॉटेल आणि मागची खोली यांच्या मधल्या दारात ठेवली, आणि तिच्या हातात लिंबू सोडा दिला. तिथून तिला नवरा सरळ दिसत होता. आतल्या चार गिऱ्हाइकांनाही ती सरळ दिसत होती. त्यातल्या दोघांनी अंग चोरून पाठ फिरवली.

बाटली आली. तिला खरंच घाम सुटला होता. रामकिसननं ग्लासात ओतली, फेस खाली बसेपर्यंत थांबला, आणि देवाचं तीर्थ घ्यावं तसा पहिला घोट घेतला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"कसं लागतंय?" मैनाबाईनं दारातूनच विचारलं. जरा मोठ्यानंच विचारलं गेलं. सगळ्या माना वळल्या.

"कडुनिंबाच्या काढ्यात सोडा घातलाय," रामकिसन म्हणाला.

बेहरामशेठ खळखळून हसले. "पहिला घोट असाच लागते रे. थांब, दुसरी देतो." त्यांनी एक काळसर बियर आणली. ती त्याला जरा बरी वाटली. करपलेल्या गुळासारखी, असं त्यानं दाराकडं बघत सांगितलं.

मैनाबाईनं सोड्याला तोंड लावलं नव्हतं. ती त्याचे डोळे बघत होती. बापाच्या आधी पापण्या जड व्हायच्या, मग आवाज खाली जायचा, इतका खाली की आई मुकाट्यानं उठून भांडी फळीवर सरकवायची. तेवढ्यावरून घरातल्या पोरांना कळायचं. रामकिसनच्या बाबतीत एवढंच झालं की त्याचे कान लाल झाले आणि बायडी अंकलिपी कशी धडाधडा वाचते ते त्यानं बेहरामशेठना दोनदा सांगितलं. मग तो उठला, नीट चालत दारापर्यंत आला आणि म्हणाला, "चल. भूक लागली."

एवढंच. पण मैनाबाईच्या छातीवरचं ओझं काही उतरलं नाही. दोन बाटल्यांत काय कळणार? बापसुद्धा पहिल्या वर्षी नुसती गाणीच म्हणायचा.

दुपार कलल्यावर एसटीनं दोघं पालघरजवळच्याच माहीमला गेली, समुद्राकडच्या माडांच्या वाडीत. तिथल्या दुकानात माडाची माडी मिळते, असं बेहरामशेठनी सांगितलं होतं. माडी पांढरी, ताकासारखी, आणि रामकिसनच्या मते बियरपेक्षा शंभर पटीनं बरी. पण दुकानातले लोक मैनाबाईकडं असे टक लावून बघत होते की त्यानं अर्ध्यातच पेला ठेवला. दोघं वाळूतून परत फिरली.

रविवारी सकाळी नवशाच्या पाड्यावर जायचं होतं. नवशा हा रामकिसनच्या टोळीतला वारली गडी. मुकादमानं ताडी चाखायची तर ती आपल्याच अंगणात, हा त्याचा हट्ट होता. मनोर रस्त्यावर एसटी सोडून दोघं पायवाटेनं पाड्यावर पोचली तेव्हा नवशा नुकताच ताडावरून उतरला होता. कमरेला मडकं, अंगावर सालपटं.

त्याची आई मंगळी अंगण सारवून बसली होती. तिनं मैनाबाईचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं. पुरुषांत नाही, दारातही नाही. गोलात. आणि मैनाबाईनं पाहिलं, गोलात निम्म्या बाया होत्या.

मंगळीनं पानाच्या द्रोणात ताडी ओतली, आणि कुणी तोंडाला लावायच्या आधी दोन थेंब जमिनीवर सांडले. "धरतरीला," ती म्हणाली. "आदी तिचा. मंग आपला. सकालची ताडी गोड, दुपारची आंबट, न् सांजची आंधली. आमी सकालचीच देतूं पावन्याला."

रामकिसननं पहिला द्रोण संपवला आणि त्याचा चेहराच बदलला. बियर त्यानं मनातली गोष्ट एकदाची उरकावी म्हणून घेतली होती. ही त्याला आवडली. मैनाबाईला ते लगेच दिसलं. आता खरी परीक्षा.

तेवढ्यात समोर बसलेल्या जिवल्याचा आवाज चढला. जिवल्या मंगळीचा धाकटा भाऊ. बैलाच्या कसल्याशा जुन्या भांडणावरून तो नवशाला काहीबाही बोलू लागला. मंगळी उठली नाही. नुसता हात लांब करून तिनं त्याचा द्रोण उपडा केला.

"पुरा झाला, जिवल्या."

जिवल्या पुटपुटला, तिच्याकडं रागानं बघून घेतलं, आणि जांभळीखाली जाऊन आडवा झाला.

"ऐकतो तुमचं?" मैनाबाईनं हळूच विचारलं.

"नाय आयकला तं दुसरे दिशी कोन देल त्याला? मडका माजे हातात हाय." मंगळीनं तिच्याकडं नीट बघितलं. हिला काहीतरी वेगळंच विचारायचंय, हे तिला कळलं असावं. "समद्या घरात असा नाय हां बाय. त्या कोपऱ्याच्या घरात सून रडते. पन ह्ये आंगनात नाय."

रामकिसननं तिसरा द्रोण उचलला होता.

"पुरे," मैनाबाई म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ऐकू आला नाही. आईनं हा शब्द उभ्या जन्मात उच्चारला नव्हता. घशात तो कुठं असतो, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"पुरे!"

नवशानं मान खाली घातली. मुकादमाला चारचौघांत बायकोनं असं बोलावं, म्हणजे आता काय होणार? रामकिसननं द्रोणात पाहिलं. तो काठोकाठ भरला होता. त्याला तो प्यायचा होता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"बरं," तो म्हणाला. "पुरे तर पुरे." आणि त्यानं द्रोण नवशाकडं सरकवला.

मग त्यानं आपणहूनच भाकरी मागितली, सुक्या बोंबलाची चटणी मागितली, आणि कालच्या काढ्याची गोष्ट रंगवून सांगितली. सगळं अंगण हसलं. मंगळीनं अर्धा द्रोण मैनाबाईपुढं धरला. तिनं आधी वास घेतला. तिला भीती होती हातभट्टीतल्या नवसागराच्या वासाची, बापाच्या सदऱ्याला यायचा त्याची. तो नव्हता. आंबलेल्या पिठासारखा, पिकल्या फणसासारखा काहीतरी वेगळाच वास होता. तिनं दोन थेंब जमिनीवर सांडले आणि एक घोट घेतला.

"गोड हाय की," ती नवलानं म्हणाली.

परतीच्या वाटेवर उन्हं डोक्यावर आली होती. एसटीच्या थांब्यापर्यंत मैलभर चालायचं होतं. रामकिसन पुढं, ती मागं. अर्ध्या वाटेत ती एकाएकी बोलायला लागली. बापानं खांद्यावर बसवून तिला जनावरांच्या बाजारात नेलं होतं, आणि गर्दीत दिसावी म्हणून तिच्या वेणीला लाल फडकं बांधलं होतं. दहा वर्षांच्या संसारात बापाची चांगली गोष्ट तिनं पहिल्यांदाच सांगितली. रामकिसन चालता चालता थांबला, तिला बरोबरीनं येऊ दिलं.

"त्याला कुनी पुरे म्हनलंच न्हाई," ती म्हणाली. "म्हनलं असतं तर ऐकलं असतं का, कुनास ठाव."

"म्या आज ऐकलं. उद्याचं वचन देत न्हाई," तो म्हणाला. "पण तू जवळ असलीस तर पुन्यांदा म्हनशील."

"म्हंजे तेवढ्यासाठी मला ठेवून घ्यायचंय?"

"न्हाई. मेसच्या भाताचाबी कंटाळा आलाय."

या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. मोकळेपणानं हसली.

सोमवारी रामकिसन कामावरून सुटल्यावर दोघं जवळच्या कुंभवली गावात एक खोली बघायला गेली. मैनाबाईनं चूल कुठं मांडता येईल ते पाहिलं, खिडकीचं दार लोटून बघितलं, कौलांतून ऊन कुठं कुठं येतंय ते मोजलं. तीन ठिकाणी येत होतं. घरमालकीण म्हणाली, पावसाआधी शाकारून देते.

"शाळा किती लांब हाय?" मैनाबाईनं विचारलं.

"ही काय, त्या चिंचेच्या पलीकडं."

तिनं पदर खोचला आणि कोपऱ्यातली केरसुणी उचलली. झाडता झाडता नवऱ्याला म्हणाली, "आईला पत्र लिवा. म्हनावं, जूनच्या आदी बायडीला घेऊन ये."