दोरीचं दुसरं टोक

पंख्याच्या पात्याला चिकटलेला कण रव्याचाच होता — चिमट्यात धरून उजेडाकडे नेला तेव्हा बुशाइबची खात्री पटली. शुक्रवारच्या कुसकुसातला, वाफवलेला, लोण्यात घोळलेला आणि मग तीन-चार महिने खेळाच्या यंत्राच्या पोटात भाजून दगड झालेला... म्हणजे या घरात यंत्र जेवतात त्याच खोलीत ठेवलंय, शुक्रवारी सगळे एकाच परातीभोवती बसतात, आणि कुणीतरी, बहुधा सगळ्यांत धाकटं, हात न पुसताच खेळायला उठतं. त्याने कण बशीत टाकला आणि ब्रश उचलला.

माणसं आपलं घर या पेट्यांमधून त्याच्याकडे पाठवतात हे त्यांना ठाऊक नसतं. समुद्राकडच्या बंगल्यांतून आलेल्या यंत्रांचे स्क्रू मानेशी गंजलेले, जुन्या मदिनेतून, तटाच्या आतल्या गल्ल्यांतून, आलेल्यांच्या जाळीत गालिच्याची लोकर, आणि झुरळं मात्र सगळीकडे सारखी — झुरळाला श्रीमंत-गरीब कळत नाही, त्याला फक्त ऊब कळते. सव्वीस वर्षं दर्ब गलेफच्या बाजारात, या पत्र्याखाली, एवढ्याशा गाळ्यात बसून त्याने अर्ध्या कासाब्लांकाची धूळ फुंकली होती. धूळ तर कुणीही फुंकेल. नाव झालं होतं ते अंगठ्यामुळे. गिऱ्हाइकाने हातात कंट्रोलर ठेवावा, बुशाइबने डोळे मिटून दोनदा बटण दाबावं आणि सांगावं, हे बटण दमलंय, किंवा बटण ठीक आहे, तुमचं यंत्रच आळसावलंय. न उघडता. पैज लावणारे लावत, आणि हरत; बाजार त्याला मअल्लम म्हणे, उस्ताद.

त्या अंगठ्याच्या जोरावरच काल तो नको ते बोलून बसला होता.

शेजारच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा हज्ज हमादी कित्येक महिने किल्ली मागत होता. इथे गाळा विकला असं कुणी म्हणत नाही. किल्ली दिली म्हणतात, आणि एकदा दिलेली किल्ली परत मागायला तोंड उरत नाही. काल चहावाल्यापाशी, चार माणसांत, हमादीने विषय काढला.

"मअल्लम, अजून पेट्याच फुंकतोस? पोरं म्हणतात, पेट्या ढगात गेल्या."

"जाऊ दे की. पाऊस पडला की दुरुस्तीला माझ्याकडेच येतील."

"हस तू. माझा पुतण्या कालपासून नुसत्या टीव्हीवर खेळतोय. ना पेटी, ना काही."

"त्याला अंगठाच नसेल मग." लोक हसले, आणि त्या हसण्याने बुशाइबला चढली. "अरे, ढगातला खेळ मी डोळे मिटून ओळखीन. बटणाचा उशीर हाताला लगेच कळतो, मध्ये किती पाणी आहे ते. नाही ओळखलं, तर उद्या दुपारी असरच्या अजानला किल्ली तुझी."

हौसेने बोललेलं... पण चार माणसांनी ऐकलेलं. आणि लेकीला, गिझलानला, हे सांगितलं तर ती म्हणाली, उद्या दुपारी येते, पैज मांडूच.

ती आली तेव्हा तिच्या पिशवीतून निघाली बोटाएवढी एक कांडी. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. इंटरनेटच्या तारा सांभाळणाऱ्या कंपनीत ती दोन वर्षांपूर्वी लागली होती, आणि बापाच्या गाळ्यात शिरताना अजूनही डोकं वाकवून यायची, पत्रा लागू नये म्हणून. कांडी तिने टीव्हीच्या मागे खोचली.

"आणि यंत्र?"

"माद्रिदला."

"माद्रिदला!"

"तुम्ही बटण दाबलं की ते समुद्राखालून तिकडे जातं, बाबा. तिकडचं यंत्र चेंडू मारतं, आणि चित्र परत येतं. पापणी लवायच्या आत."

"आणि पैसे कुणाच्या नावावर?"

"माझ्याच. पत्ता फक्त तुलूझचा टाकलाय, मामेबहिणीचा. इथल्या पत्त्यावर देत नाहीत ना."

"म्हणजे तू फ्रान्सची झालीस. आता भांडी कोण घासणार?"

"ढग घासेल," ती म्हणाली, आणि कंट्रोलर त्याच्या हातात ठेवला.

पडद्यावर हिरवं मैदान उमटलं. त्याने चेंडू ठेवला, दाबलं — पाय हलला, चेंडू गेला, जाळं थरथरलं. त्याने पुन्हा दाबलं. मग उठून टीव्हीच्या मागे पाहिलं, आपण वेडेपणा करतोय हे माहीत असूनही. कांडीला हात लावला, जेमतेम कोमट. पंखा नाही. जाळी नाही. आत कुणाच्या घरचा रवा नाही... आणि तरी माझ्या अंगठ्याचं ऐकून तिकडे काहीतरी हललं. माझ्या या, सोल्डरने डागलेल्या अंगठ्याचं! तांजियरच्या किनाऱ्यावर उभं राहून पलीकडचा देश दिसतो, धूसर, पुसलेला, आणि आयुष्यभर त्याने तो तसाच लांबून पाहिला होता, व्हिसाच्या रांगेत दोनदा उभं राहून दोनदा परत आला होता. आणि आता अंगठा सरळ पार जाऊन परत येत होता, चहा निवायच्या आत हजार वेळा, कुणी कागद न विचारता. तिकडेही कुणीतरी असेल का — गार, लांबलचक खोलीत, हातात ब्रश घेतलेला, माझ्यासारखाच? त्याला धूळ तरी कुणाच्या घरची मिळत असेल?

"बाबा, सुरू करायचं?"

अटी त्यानेच घातल्या. आपलं यंत्र — गाळ्यातलं, स्वतःच्या हातचं — सगळा वेळ चालूच राहू दे, नाहीतर मी पंख्याच्या आवाजावरून ओळखीन. फळीवरून खाली ठेव, नाहीतर तळव्याला ऊब लागेल. मध्ये चादर टाक. आणि मी डोळे मिटलेले असताना बदल. पैज खरी तर खरी... कानाला आणि तळव्याला असं दाराबाहेर बसवून त्याने सगळा भार एकट्या अंगठ्यावर टाकला. दहा वेळा.

पहिल्या वेळी तो हसला. "हे माद्रिद. बटणाखाली चिखल लागतोय." दुसऱ्या वेळी, "हे माझं. बघ कसं तडफदार!" गिझलान कागदावर रेघ ओढत होती, चेहऱ्यावर काही नाही. चौथ्यापर्यंत तो कारणं देत होता, सहाव्यापासून नुसतं नाव सांगायला लागला, आणि आठव्याला अंगठा बटणावर नुसता ठेवून राहिला — कारण अंगठ्याखाली काहीच वेगळं नव्हतं, दोन्हीकडे तेच मैदान, तोच पाय, तेच जाळं, आणि मन मात्र आठवणीतून काहीतरी उकरून उत्तर तयार करत होतं.

बोटाला विचार, डोळ्याला नको...

हे त्याचा बाप म्हणायचा. अझम्मूरला, नदी समुद्राला मिळते तिथे, होडीच्या काठावर बसून, तर्जनीवर दोरी आडवी घेतलेली. खाली गढूळ पाणी, दोरीचं दुसरं टोक कुणालाच दिसायचं नाही. पण बाप सांगायचा, आता मासा हुंगतोय, आता गेला, आता आला... आणि हिसका दिला की शाबेल मासा चांदीसारखा वर. माझं बोट त्याने आपल्या बोटाच्या खाली दोरीवर ठेवलेलं असायचं. आठ वर्षांचा होतो. जिथे नजर पोचत नाही तिथलं एखाद्याला बोटाने कळतं, याचं तेव्हा जे नवल वाटलं होतं, त्याच्याच जोरावर आपण पुढे हा धंदा धरला, असं बुशाइबला पहिल्यांदाच वाटलं, आणि अशा अवेळी.

"दहावं," गिझलान म्हणाली.

"माझं."

ती कागदाकडे पाहत राहिली. "पाच बरोबर."

"आणि पाच चूक."

"हो."

म्हणजे नाणं उडवून विचारलं असतं तरी एवढंच. "चिखल म्हणालो ते?"

"ते आपलं यंत्र होतं, बाबा. तडफदार म्हणालात ते माद्रिद."

त्याला हसू आलं, खरंच आलं. आपल्याच पोराला परक्याचं म्हणून हाकललं की... पण दुसरंच काहीतरी टोचत होतं. ही कांडी खरंच इतकी जलद आहे, की माझा अंगठा मंद झालाय? पन्नाशी उलटली, सकाळी बोटं उघडायला वेळ लागतो. कांडी जलद असेल तर जग बदललं, आणि मी त्याला सलाम करीन, मनापासून — समुद्र ओलांडणारी चीज आहे ही! पण अंगठाच मेला असेल, तर गेल्या दोनचार वर्षांत मी गिऱ्हाइकांना जे जे सांगितलं... ते कुठून सांगितलं?

हे फक्त चांगल्या हाताचं माणूसच सांगू शकलं असतं. गिझलानचा हात त्याचाच होता; सहा वर्षांची असताना ती स्टुलावर बसून बिघडलेली बटणं वेगळी काढायची, आणि तिने काढलेलं त्याला पुन्हा तपासावं लागत नसे.

"तू खेळ. तुला कळतं का सांग."

तिने स्वतःच बदलून पाहिलं. एकदा हे, एकदा ते. परत हे. मग कंट्रोलर फळीवर ठेवला, चहाचा ग्लास उचलला, त्यातल्या पुदिन्याकडे पाहत म्हणाली, "नाही. मलाही नाही कळलं, बाबा."

मलाही.

अझम्मूरच्या पाण्यावर ऊन होतं. बापाची तर्जनी वर, माझी खाली, आणि दोरीतून एक बारीक थरथर माझ्या बोटात आली, थांबली, पुन्हा आली. मी बापाकडे पाहिलं. बाप पाण्याकडे पाहत होता, शांत, काहीच झालं नाही असा. मासा होता! माझ्या बोटाखाली होता आणि बापाच्या बोटाखाली नव्हता. मग थरथर गेली. बापाने माझा चेहरा पाहिला असावा. "मला तर काही लागलं नाही," तो म्हणाला. "तुला?" आणि मी म्हणालो — पुढ्यातल्या ओल्या दोरीकडे बघत म्हणालो — "मलाही नाही, बाबा."

पुढच्या आठवड्यापासून दोरी माझ्या हातात आली. उन्हाने डोळे दुखतात म्हणून बाप मागे बसून जाळं शिवायला लागला. केवढा आनंद झाला होता मला... आपण बापाला छान फसवलं, त्याचं मन राखलं, असं मी आजवर मानत आलो. पंचेचाळीस वर्षं. आणि त्याने डोळ्यांचं कारण का सांगितलं, हे एकदाही मनात येऊ नये?

बाहेर अजान सुरू झाली. हमादी दारातून डोकावला, नमाजाला निघालेला, हात ओले.

"काय मअल्लम? पाणी लागलं का?"

गिझलानने पटकन कागद उलटा केला. ते बुशाइबने पाहिलं.

"दहांत पाच," तो म्हणाला.

हमादी हसणार होता. ओठ तसे झालेही होते. मग बुशाइबच्या तोंडाकडे पाहून त्याने हात अंगरख्याला पुसले. "नमाज पढून येतो," म्हणाला. "तुझी किल्ली काही पळून जात नाही." आणि गेला.

किल्ली खिळ्याला टांगलेली होती, तिच्या खाली फळीवर सकाळच्या त्या घराची पेटी, उघडी, बशीत रव्याचा कण. संध्याकाळी त्या घरचं माणूस न्यायला येईल. त्याने किल्ली काढून फळीवर ठेवली. हमादीसाठी ठेवली की स्वतःच्या डोळ्यांसमोर असावी म्हणून, हे त्याला ठरवता आलं नाही.

"गिझलान, अजून एक खेळ. कुठलंही लाव. मला सांगू नकोस."

"कशाला आता, बाबा?"

"मला बघायचंय फक्त."

तिने चादरीमागे काहीतरी केलं आणि खेळायला बसली. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, सव्वीस वर्षं लोकांचे अंगठे पाहिलेल्या नजरेने. चेंडू अजून पायाशी पोचायचा असायचा आणि अंगठा निघालेला असायचा — केसभर आधी, प्रत्येक वेळी तेवढाच केसभर आधी. मधलं पाणी जणू त्याने आधीच मोजून ठेवलं होतं, तो समुद्र, ते जाणं, ते येणं, सगळं धरून... की मलाच तसं दिसत होतं? हातात नसलेलं डोळ्यांना दिसतं का? एवढ्याशा बोटात एवढं अंतर मावतं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. किंवा आहे, आणि म्हणूनच ती मघाशी पुदिन्याकडे बघत बोलली.

"जमलं!" ती म्हणाली, आणि मग त्याच्याकडे वळली. "काय झालं, बाबा? काही दिसलं का?"

"डोळे दुखतात जरा," मी म्हणालो. "तू खेळ."