वरच्या मॉडेलचा आरसा

मी आरसा बोलतोय. न्हाणीघरातला किंवा कपाटाच्या दारावरचा नव्हे. मोटारीतला, पुढच्या काचेला वरून चिकटलेला, ड्रायव्हरला मागचा रस्ता दाखवणारा. त्यातही वरच्या मॉडेलचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण सध्या ज्या गाडीत मी आहे ती बघून कुणाला ते पटत नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं आरसे दोन प्रकारचे बनत. खालच्या मॉडेलसाठी साधे आणि अरुंद, वरच्या मॉडेलसाठी माझ्यासारखे रुंद, पाठीतून वायर निघालेले. मागच्या गाडीचा लाइट अंगावर आला की आम्ही आपोआप काळपट होतो, म्हणजे ड्रायव्हरचे डोळे दिपत नाहीत. आमच्या पायाशी एक बटण असतं आणि त्याच्या शेजारी हिरवा दिवा. पेटीत भरताना आमच्याभोवती मऊ कागद गुंडाळत, साध्यांभोवती नाही.

माझा पहिला मालक माझ्यात दोनच गोष्टी बघायचा, दात आणि भांग. सात महिन्यांत त्याची गाडी रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. माणसं वाचली, गाडी संपली. मागून काही आलं असतं तर मी नक्की दाखवलं असतं. समोरचं दाखवणं माझ्या कामात बसत नाही.

मग मी नगरच्या जुन्या पार्टच्या दुकानात पोचलो. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोन हॉर्न आणि एका दरवाजाच्या मुठीशेजारी. तिथंच मला गोरक्षनाथ भेटले.

गोरक्षनाथ म्हणजे कर्जतजवळच्या एका वस्तीवरचे ड्रायव्हर नाना. बत्तीस वर्षं एसटी चालवली आणि एकदाही गाडीला ओरखडा नाही, हे वाक्य ते नमस्कार करावा तसं प्रत्येकाला म्हणत. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली होती. वस्तीवरच्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाची लेक सासरी सोडायची असो, नानांची गाडी हजर. नाना गाडीवर आहेत म्हटल्यावर लोक मागच्या सीटवर बिनघोर झोपत.

दुकानदाराला ते म्हणाले, "माझ्या गाडीतला आरसा लई बारका हाय. मधलं दिसतं, कडंचं काय बी दिसत न्हाई. मोठा द्या. नव्या मॉडेलचा."

मला ऐकून बरं वाटलं. शेवटी कुणीतरी माझी गरज ओळखली.

गाडीत बसवण्याचं काम कल्याणनं केलं. कल्याण नानांचा पुतण्या, कर्जतला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्यानं जुना आरसा काढला आणि खिडकीशी धरून बघितला.

"नाना, ह्याला काय झालंय? चांगला तर हाय."

"तुला काय कळतंय? त्यात कडंचं दिसत न्हाई."

"मला दिसतंय की. ते बघा, काकू कपडे वाळत घालतीय."

"तू बसव नवा," नाना म्हणाले.

कल्याणनं मला बसवलं. मी घट्ट बसलो, पण माझी वायर जुळेना. ह्या गाडीत तसली वायर घालायची सोयच नव्हती. ती गुंडाळून त्यानं माझ्या पाठीमागं चिकटपट्टीनं चिकटवून टाकली. म्हणजे मी आपोआप काळपट होणार नव्हतो, हिरवा दिवा लागणार नव्हता. पण पाहुणे आले की नाना माझं बटण दाबून दाखवत. "वरच्या मॉडेलचा हाय," म्हणत. पाहुणे माना डोलवत. दिवा का लागत नाही, हे एकानंही विचारलं नाही.

पंधरा दिवस नाना माझ्यावर खूश होते. मग तक्रारी सुरू झाल्या. ते मला डावीकडं वळवत, उजवीकडं वळवत, धोतराच्या सोग्यानं पुसत. पुन्हा पुसत. माझ्यात मागची अख्खी काच मावत होती. डाव्या कोपऱ्यातली मोटरसायकल, उजव्या कोपऱ्यातला दुधाचा टेम्पो, सगळं मी मांडून ठेवत होतो. नाना टेम्पोनं हॉर्न दिल्यावर दचकत आणि म्हणत, "हा बी तसलाच निघाला."

त्यांच्या बायकोचं नाव मालनबाई. छप्पन वर्षांची, बुटकी, बोलायला कमी. ती गाडीत मागं बसायची आणि खिडकीबाहेर न बघता नानांच्या मानेकडं बघायची. नाना वळणावर चाक रस्त्याखाली घालत, दुकानाच्या पायरीला गाडी घासत, हे तिला दिसत होतं. प्रत्येक वेळी नानांकडं कारण तयार असायचं. रस्ता नीट बांधलेला नाही. पायरी पुढं काढलीय. आरसा खराब आहे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नाना अंगणातून गाडी मागं काढत होते. मालनबाई मागं उभी राहून नेहमीसारखी हातानं खुणावत होती. "येऊ द्या... येऊ द्या..." चाकाखाली एक दगड येत होता. तो उचलायला ती दोन पावलं बाजूला सरकली आणि वाकली. माझ्या डाव्या कोपऱ्यात ती स्पष्ट होती. हिरवं लुगडं, हातात दगड. मी तिला दाखवत होतो. नाना माझ्याकडंच बघत होते. गाडी मागं येत राहिली.

मी आरसा आहे. मला दाखवता येतं, ओरडता येत नाही. ओरडली ती मालनबाई.

तिचा डावा हात मनगटात मोडला. आजूबाजूच्या बायका धावत आल्या. नाना गाडीतून उतरले, चेहरा पांढराफटक. पण तोंडातून काय निघालं तर, "बघून उभं ऱ्हायला काय झालं हुतं तुला?"

मालनबाईनं त्यांच्याकडं एकदाच बघितलं. मग जमलेल्या बायकांना म्हणाली, "गाडीचं काय न्हाई गं. शेनावरनं पाय घसारला."

सगळ्यांनी शेणाला दोष दिला. बत्तीस वर्षांचा बिनओरखड्याचा हिशेब शाबूत राहिला.

हाताला प्लॅस्टर घालून आठ-नऊ दिवस झाले असतील. शेजारच्या लंकाबाई आल्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "नाना, उद्या सकाळी तिला नगरला न्यायचं. तुमीच चला. दुसऱ्या कुनाच्या गाडीत मला धीर धरवत न्हाई."

"येतो की," नाना म्हणाले.

लंकाबाई गेल्या. मालनबाई घरात गेली आणि बाहेर आली ती पदराखाली काहीतरी घेऊन.

"जरा गाडीत बसा," ती म्हणाली.

"कुटं जायचंय?"

"कुटं न्हाई. बसा म्हनते ना."

नाना स्टेअरिंगवर बसले. ती मागच्या सीटवर मधोमध बसली.

"आरशात बघा. मी दिसते का?"

"दिसतीस की."

"आता नजर हलवायची न्हाई. मान बी हलवायची न्हाई. माझ्या कपाळाकडं बघत ऱ्हायचं." तिनं चांगला हात बाजूला नेला. हातात पिवळंधमक लिंबू होतं. "माझ्या हातात काय हाय?"

नाना बघत राहिले. मी त्या आठवड्यात दोनदा पुसलेला होतो, सकाळचं ऊन होतं, लिंबू माझ्यात एखाद्या दिव्यासारखं चमकत होतं.

"कंच्या हातात?" नानांनी विचारलं.

मालनबाईनं लिंबू खाली घेतलं. मग म्हणाली, "मला सध्या एकच हात हाय."

"तू आरसा हलवला असशील."

"मग नीट करून घ्या."

नानांनी मला नीट केलं. तिनं लिंबू दुसऱ्या बाजूला धरलं. "आता?"

तिनं लिंबू हळूहळू मध्ये आणलं, अगदी स्वतःच्या गालापर्यंत, तेव्हा ते म्हणाले, "लिंबू."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या.

"कदीपासनं?" मालनबाईनं विचारलं.

"रिटायर झालो तवापासनं. पयलं वाटलं, काच धुरकट झाली. मग वाटलं, आरसा बारका हाय." "दोन्हीकडनं कुनीतरी पडदा सरकवत आनल्यावानी झालंय."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"काय सांगू? ड्रायव्हरला दिसत न्हाई म्हनून?"

"सांगितलं असतं तर माझा हात तरी वाचला असता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "लंकाबाईची सून दोन जिवांची हाय. तिला मी तुमच्या गाडीत बसू देनार न्हाई. आत्ता जाऊन सांगते. तुमी सांगताय का मी सांगू?"

नानांनी स्टेअरिंगवरचे हात काढले. मग उतरले, चप्पल पायानं चाचपून शोधली आणि स्वतः लंकाबाईंच्या घराकडं गेले. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी लंकाबाईंच्या दारात दुसरी गाडी आली, एवढं मी पाहिलं.

त्याच आठवड्यात कल्याणनं आमची गाडी नगरला नेली. नाना ह्या गाडीत पहिल्यांदाच डाव्या सीटवर बसले होते. सबंध रस्ता त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. डोळ्यांच्या दवाखान्यात दोघं नवराबायको तीन तास होती. परत आल्यावर कल्याणनं विचारलं, "काय म्हनले डॉक्टर?"

"काचबिंदू," मालनबाई म्हणाली. "गेलेली नजर परत येत न्हाई. हाय ती ऱ्हावी म्हनून रोज थेंब घालायचे. आन गाडी बंद."

गाडी शहराबाहेर पडली. नाना माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "मी म्हनत हुतो का न्हाई? दोष काचंतच हाय."

हसावं की नाही ते कल्याणला कळेना. आधी मालनबाई हसली, मागच्या सीटवर, प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून. मग नाना हसले. मी एकटाच गंभीर होतो. काचेला सरसकट बदनाम करण्याची ही पद्धत मला आवडत नाही.

घरी आल्यावर नाना म्हणाले, "गाडी इकून टाकू."

"कशाला?" मालनबाई म्हणाली. "हात बरा झाला की मी शिकते."

नाना पुन्हा हसले. ह्या वेळी ती हसली नाही.

एप्रिलमध्ये पाझर तलाव कोरडा पडला. त्याच्या तळाच्या भेगाळलेल्या जमिनीवर तिचं शिक्षण सुरू झालं. तिथं धडकायला एक बाभूळ सोडली तर काही नव्हतं आणि त्या बाभळीला ती दोनदा धडकली. स्टेअरिंगवर बसल्यावर तिनं पहिलं काम केलं ते मला खाली वळवण्याचं. नानांनी इतक्या महिन्यांत कुणाला मला हात लावू दिला नव्हता. ते "अगं..." म्हणाले आणि पुढं केलेला हात मागं घेतला.

गुरू म्हणून नाना कडक होते. "क्लच सोड! हळू! आरसा बघ! आरसा बघितला का?" त्यांना स्वतःला बाभूळ दिसत नव्हती, पण इंजिनच्या आवाजावरून गिअर चुकल्याचं बरोबर कळायचं. पुढं रस्त्यावरच्या सरावासाठी तिनं कर्जतला ड्रायव्हिंगचा क्लास लावला. तो शिकवणारा मुलगा कसा चुकीचं शिकवतो, हे नाना रोज संध्याकाळी तिला समजावून सांगत.

लायसन्सच्या परीक्षेत ती पहिल्या खेपेला नापास झाली, आणि माझ्यामुळं. "आरसा बघ" एवढं तिच्या डोक्यात बसलं होतं की ती पुढं बघायलाच विसरली. दुसऱ्या खेपेला पास झाली.

आज वस्तीवरची माणसं मालनबाईच्या गाडीतून दवाखान्यात जातात. सुरुवातीला मागच्या सीटवर कुणी झोपत नसे. सीटला धरून, डोळे ताणून बसत. अलीकडं झोपू लागलेत. लंकाबाई नातवाला डोस द्यायला नेतात त्या ह्याच गाडीतून. नानांबद्दल लोक अजून म्हणतात, "बत्तीस वर्षं एक ओरखडा न्हाई." मालनबाईचं मनगट थंडीत दुखतं.

माझं म्हणाल तर मी आहे तसा आहे. जुन्या गाडीत, वायर गुंडाळलेली, एका कोपऱ्यावर बाभळीचा चरा. मोटारवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आरसे खुशाल बदला, आमच्या जातीचं त्यातच भलं आहे. पण दुकानात यायच्या आधी एकदा डोळे दाखवून या. डॉक्टरकडं रांग असते आणि दुकानात नसते, एवढ्यावरून आजार ठरवू नका.

दर तीन महिन्यांनी नानांना तपासणीसाठी नगरला न्यायचं असतं. डाव्या सीटवर बसले की त्यांचा पाय ब्रेक शोधतो आणि मालनबाई वैतागते, म्हणून ते आता मागं बसतात, मधोमध. निघताना कंडक्टरसारखी तोंडानं डबल बेल देतात. मग सगळा रस्ता त्यांची नजर माझ्यावर असते. डावीकडचं शेत त्यांना दिसत नाही, उजवीकडचा टेम्पो दिसत नाही. जे काही उरलंय ते एवढुसं, गोल, मधलं.

परवा मालनबाई म्हणाली, "काय बघताय एवढं? तुमाला मागचा रस्ता दिसतोय व्हय आरशात?"

"न्हाई," नाना म्हणाले. "तुझे डोळे दिसत्यात."

"आन?"

"आन काय न्हाई. तेवढंच मावतंय."

तिनं माझ्यात वर बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"पुढं बघ," नाना म्हणाले.