वन्संचं हसू

आई गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता गेली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या घरीही सध्या तसंच समजतात, त्यामुळे तुम्हाला सोबत आहे.

तर, सोमवार आहे. आई हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर आहे आणि तिची कवळी हरवली आहे.

"कागदात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवली होती का?" सिस्टरने विचारलं.

आईने तोंडावर धरलेला टॉवेल न काढता मान हलवली.

"मग गेली ती. कागद दिसला की सफाईच्या मावशी अख्खा ट्रे रिकामा करतात."

आईने डोळे मिटून घेतले. मावशींना काय म्हणायचं होतं ते तिच्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होतं, पण म्हणायला दात नव्हते.

कवळी बाबांनी केलेली होती. बाबांचा धंदाच तो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, मापावरून प्लास्टरचा साचा होतो आणि साच्यावरून बाबा कवळी करतात. एकेचाळीस वर्षं त्याच लॅबमध्ये, त्याच स्टुलावर. गिऱ्हाइकाचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. जबडे मात्र एकदा पाहिले की विसरत नाहीत. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की बाबा आधी दात बघतात आणि मग माझ्या कानात म्हणतात, "आपली नाही."

जुने साचे ते घरी आणत. टाकवत नसत. आमचं दार आपटू नये म्हणून तिथे एका निवृत्त मुख्याध्यापकांचा खालचा जबडा होता. वर्तमानपत्रावर वजन म्हणून एक गायिका होती. मला लहानपणी बत्तीसपर्यंतच आकडे येत होते, म्हणून शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा बाबा बाईंना म्हणाले, "मग बरोबर आहे की." मला ते अक्कलदाढ म्हणतात. मी उशिरा आले, त्रास देत आले आणि माझा उपयोग काहीच नाही, म्हणून.

सात वर्षांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्याने आईचे सगळे दात गेले. बाबांनी कवळी केली, पण आईने एक अट घातली : दात नसताना नवऱ्याने तिला बघायचं नाही. "साच्यात बघितलंत तेवढं पुरे," ती म्हणाली. सात वर्षं ती सकाळी दात लावूनच खोलीबाहेर आली. आणि खोलीबाहेर आली की बोलायला लागायची, ते रात्री दिवा मालवेपर्यंत. नळ, खिडकी, चपला, बाबांचं चहा पिताना आवाज करणं, बाबांचं चहा पिताना आवाज न करणं. आठवड्यापूर्वी स्वयंपाकघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हाही ती खाली पडल्या पडल्या पाच मिनिटं फरशीविषयी बोलत होती.

मग फुप्फुसात पाणी झालं. मग कवळी गेली. आणि मग आमच्याकडे पहिल्यांदाच शांतता झाली.

सोमवारी संध्याकाळी तिने मला जवळ बोलावलं. टॉवेलाआडून, शब्द गिळत गिळत म्हणाली, "त्यांना एक सांगायचंय."

"काय?"

"तुला नाही."

"मग सांग ना, बाहेर बाकावरच बसलेत."

"अशी नाही," ती म्हणाली आणि टॉवेल वर ओढला.

"लिहून देतेस?"

"लिहिण्यासारखं नाही ते."

मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं. बाबा गंभीर झाले.

"ती पडली त्याच्या आदल्या दिवशी मी ओला टॉवेल पलंगावर टाकला होता."

"बाबा, ओल्या टॉवेलासाठी कुणी दात मागत नाही."

"तुझी आई मागेल," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तेच असलं तरी ऐकायचंय मला."

तेवढ्यात डॉक्टर आले. हे डॉक्टर वाईट बातमी सांगताना समोरच्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीशी बोलतात. भिंतीला ते म्हणाले, "दोन-चार दिवस. फार तर."

"चार कशाला?" बाबा उठत म्हणाले. "दोन दिवसांत होते कवळी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

माळ्यावरच्या पेटीत साचे होते. प्रत्येकाखाली बाबांनी पेन्सिलीने नाव लिहून ठेवलेलं असायचं. असायचं. दोन वर्षांपूर्वी आत्या राहायला येणार होती, तेव्हा आईने सगळं घर धुऊन काढलं, त्यात अठ्ठावीस जबडेही साबण लावून धुतले. आत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, घरात बोट फिरवून धूळ काढून दाखवू नये म्हणून. आईचं आणि आत्याचं एकतीस वर्षं पटत नव्हतं. कारण एक खुर्ची होती असं एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाला खुर्ची आठवत नाही, कारण तो पक्ष तिच्यावर बसला होता.

"नावं पुसलीत सगळी," मी म्हणाले.

"नावं काय करायचीत? एकेचाळीस वर्षं जबडे बघतोय. स्वतःच्या बायकोचा ओळखणार नाही?"

त्यांनी पेटीत हात घातला आणि क्षणभरही न घुटमळता एक जोडी उचलली. तिच्यावरून अंगठा फिरवला. मी त्यांना आईच्या गालावरून असा हात फिरवताना कधी पाहिलं नव्हतं.

"ही कड बघ, अक्कलदाढे. हट्टी आहे. मागे हटतच नाही."

मंगळवारभर लॅबमध्ये त्यांनी मेणात एकेक दात बसवला. बुधवारी दुपारी गुलाबी हिरडीला पॉलिश करून, डबीत कापूस घालून आम्ही हॉस्पिटलात पोचलो. खाटेभोवती पडदा ओढला. बाबा पडद्याबाहेर, पाठ करून उभे राहिले. अट ती अट.

आईने कवळी लावली. सात वर्षांत एवढी हलकी टकटक मला कधी ऐकू आली नव्हती.

"अहो," आई म्हणाली.

बाबा इतक्या जोरात वळले की पडदा त्यांच्या अंगावर आला.

आणि आई हसत होती.

आता आमची आई हसरी नव्हे. तिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती फोटोग्राफरला रांगेतून बाहेर काढायला निघाल्यासारखी दिसते. पण इथे वरचे दात पुढे, ओठ उचललेले, चेहरा कसा लोभस. आईलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिने जिभेने चाचपून बघितलं आणि आरशासाठी हात पुढे केला. मी फोनचा कॅमेरा समोर धरला. तिच्या डोळ्यांत आग पेटली. खाली हसू तसंच.

नेमकी तेव्हाच आत्या सफरचंदं घेऊन आली.

"अगं वहिनी, आज किती छान दिसतेस—" आत्या थांबली. तिने आपल्या तोंडाला हात लावला, मग आईकडे बघितलं. "दादा! हे माझं तोंड आहे!"

बाबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आधी दातांकडे, मग चेहऱ्यांकडे. आत्याची कवळीही त्यांनीच केलेली, तिचा साचा त्याच पेटीत होता. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बाबांचा जबडा चुकला होता, आणि तो घरातला होता.

आईने टॉवेल ओढला, त्याआड कवळी काढली, डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

आत्या बराच वेळ सफरचंदांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, लाव माझेच. काय बोलायचंय ते बोलून घे. मी जाते बाहेर. वाटलं तर माझ्याविषयी बोल."

एकतीस वर्षांत आत्याने आईला देऊ केलेली ही पहिली गोष्ट. आईने मान हलवली.

"वन्संच्या तोंडाने मी यांच्याशी बोलायचं?" टॉवेलाआडून आवाज आला. "नाही."

"उद्या सकाळी आणतो," बाबा पाठ करून म्हणाले. "तुझी. नक्की तुझी."

आईने एक बोट वर केलं. ते बाबांना दिसलं नाही, मी सांगितलं. लिफ्टमध्ये आम्ही त्यावर वाद घातला. बाबांचं म्हणणं, एकच दिवस देते असा अर्थ. माझं म्हणणं, एकच गोष्ट सांगायची आहे. लिफ्टमधला एक माणूस म्हणाला की त्यांनी पहिला मजला म्हटलं असेल.

रात्रभर लॅबमध्ये बसून, गुरुवारी बाबा बाराला वीस कमी असताना पोचले. मी जिन्यातच त्यांना गाठलं, पण ते माझ्या बाजूने निघून गेले. डबी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, गरम वस्तू धरतात तशी.

पडदा ओढलेला होता. त्यांनी सवयीने पाठ केली.

"काका, वळा," सिस्टर म्हणाली. "आता वळलं तरी चालेल."

बाबा वळले. आई हसत होती.

"जबडा लवकर आवळतो, म्हणून मी लगेच लावली," सिस्टर म्हणाली. "कपाटात डबी होती ना. बघा, किती छान दिसतात."

"ती तिची नाही," बाबा म्हणाले. "ही तिची आहे." त्यांनी डबी उघडून दाखवली.

सिस्टरने डबीत बघितलं, आईकडे बघितलं. ती नवीन असावी. तिचा चेहरा रडवेला झाला. "आता नाही निघणार, काका."

बाबांनी अंगठा पुढे केला. वाटलं, ते दातांना हात लावणार. त्यांनी आईच्या गालावरून तो एकदा फिरवला आणि परत घेतला.

"हट्टी आहे," ते म्हणाले.

नातेवाईक आले. सगळे एकच म्हणत होते : किती हसतमुखाने गेल्या. ज्यांना आईने आयुष्यभर फैलावर घेतलं तेही म्हणत होते. आत्या खाटेच्या पायाशी तोंड घट्ट मिटून उभी होती आणि घरी जाईपर्यंत तिने ते उघडलं नाही.

निघताना खालच्या काउंटरवर आम्हाला एक छापील फॉर्म दिला. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तो सगळ्यांनाच देतात, बरे होऊन जाणाऱ्यांना आणि बाकीच्यांना. मी चुरगाळणार होते, पण बाबांनी पेन मागितलं. बाकावर बसून, चष्मा लावून, साच्यांवर लिहीत तशा बारीक अक्षरात त्यांनी तो भरला आणि चार घड्या करून काउंटरवरच्या अभिप्रायपेटीत टाकला. टाकण्याआधी मी वाचला.

स्वच्छता : चांगली. कागद फारच तत्परतेने उचलतात.

जेवण : रुग्णास दात नसल्याने सांगता येत नाही.

कर्मचाऱ्यांची वागणूक : चांगली. नवीन सिस्टरना बोलू नये.

सूचना : महोदय, वरील रुग्णास माझ्याशी एक गोष्ट बोलावयाची होती. ते बोलणे कवळीअभावी प्रलंबित आहे. चूक माझी असून ती दुरुस्त करण्यात आली आहे. तरी सदर रुग्णास आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी, फक्त दहा मिनिटांकरिता, दुसऱ्या मजल्यावर खिडकीकडील खाटेवर हजर करण्यात यावे, ही नम्र विनंती. दात आम्ही सोबत आणू.