तलंगांची पहिली अंडी

कलाबाईच्या अठरा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, दिवाळीनंतर अंड्यावर आल्या. एवढीएवढी पिलं आणून पाच महिने तिनं त्यांना वाढवलं होतं. त्यामुळे पहिलं अंडं हातात आलं तेव्हा ती मोहगावातल्या आपल्या गल्लीत चार घरी सांगून आली.

सून अश्विनी मात्र खुराड्याकडे फिरकत नसे. ती पांढुर्ण्याच्या मास्तरांची मुलगी. माहेरी अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. कपडे वाळत घालतानाही ती खुराड्याकडे पाठ करून उभी राहायची.

अंडी लहान होती, त्याचं कलाबाईला काही वाटलं नाही. पण रोज सात-आठ अंडी शीट लागलेली निघत. दोन-तीनवर रक्ताची रेघ असायची. कलाबाई ती बादलीत घालून घासून घासून धुवायची. अशी चकचकीत डझनभर अंडी तिनं मोठ्या हौसेनं शाळेतल्या वंदनाबाईंना नेऊन दिली.

आठवड्यानं वंदनाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "कलाबाई, राग नका मानू. काल तीन फोडले, त्यातले दोन सडके निघाले."

कलाबाईनं मान खाली घालून पिशवी घेतली. त्या दुपारी ती जेवली नाही. नवरा देवीदास संत्र्याच्या बगिच्यातून आला तेव्हा ती म्हणाली, "विकूनच टाकू या साऱ्या. गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली यायनं."

दिवस मावळताना अश्विनी वाळलेले कपडे काढायला गेली होती, तशीच परत आली.

"आई, कोंबड्या खोक्यात झोपून राहिल्या."

"झोपून राहिल्या? ते खोके तर अंडे द्याले हायत!"

तिघंही पाहायला गेले. देवीदासनं संत्र्याची जुनी लाकडी खोकी भिंतीला उंचावर ठोकून दिली होती आणि बसायचा बांबू त्यांच्या खाली बांधला होता. कोंबडीला झोपायला सगळ्यात उंच जागा लागते. म्हणून तलंगा एका खोक्यात दोन-दोन दाटून बसल्या होत्या. रात्रभर तिथंच शिटायचं आणि सकाळी त्यातच अंडं घालायचं, असं चाललं होतं.

"पाच महिने मी पाहून राहिली, मले नाई दिसलं," कलाबाई म्हणाली. "अन् तुले एका घडीत दिसलं?"

"मले वास आला, आई," अश्विनी खरं ते बोलली. देवीदासला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं बांबू खोक्यांच्या वर बांधला. खोक्यांत अंथरलेलं भुशाचं ओलं कुटार काढून कोरडं घातलं. संध्याकाळी खोक्यांवर पोतं टाकायचं आणि उजाडताच काढायचं, असं ठरलं.

एवढ्यावर भागलं नाही. एक तांबडी तलंग कोपऱ्यात दबून बसायला लागली होती. तिच्या मागची पिसं शीट लागून चिकटली होती आणि बाकीच्या तिथंच टोचत होत्या. कलाबाईनं गावातल्या जनावरांचं औषधपाणी पाहणाऱ्या शीतलला बोलावलं. शीतलनं तलंगेला उचलून नीट पाहिलं.

"पहिले पहिले अंडे हायत, थोडं रक्त लागतेच. त्याले नका भिऊ. पन टोचनं वाईट. हिले वेगळी ठेवा, कोमट पान्यानं धुवा, मागची पिसं कापून टाका. अन् मावशी, अंडे धुवत जाऊ नका. अंड्यावर बारीक साय असते. ते गेली का घान अंदर शिरते. कोरड्या फडक्यानं पुसा फक्त."

शीतल गेली. देवीदास बगिच्यात होता. कलाबाई एकटीच तलंगेला धरून कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवायला लागली, तर ती पंख फडफडवून सगळं पाणी अंगावर उडवी. तिसऱ्यांदा पाणी उडालं तशी अश्विनीनं ओढणी नाकावर गुंडाळली आणि खाली बसली.

"तुम्ही धुवा आई, मी धरतो."

तिनं दोन्ही पंख अंगाशी दाबून धरले, डोळे मात्र घट्ट मिटून घेतले. कलाबाई हळूहळू घाण मोकळी करत होती. कोमट पाण्यात तलंग एकदम गप्प झाली. अश्विनीनं एक डोळा उघडून पाहिलं.

"आई, हे तर झोपून गेली!"

"झोपन नाई तर काय. माहेरी आल्यासारखी सेवा हाय तिची."

दोघी हसल्या. नाकावरची ओढणी घसरली, ती पुन्हा बांधायचं अश्विनीला भान राहिलं नाही.

पंधरा दिवसांत खोक्यांतली अंडी स्वच्छ निघू लागली. एक हट्टी तलंग तेवढी घरात साठवलेल्या कापसाच्या ढिगातच अंडं घालायची. तिला कुणी समजावू शकलं नाही. तांबडी बरी होऊन कळपात आली. नवी डझनभर अंडी घेऊन या वेळी अश्विनी गेली. वंदनाबाईंनी आधी दोन फोडून पाहिली, मग सौंसरच्या बहिणीसाठीही दर आठवड्याला सांगून ठेवली.

अश्विनी अजूनही अंडं खात नाही. पण उजाडल्यावर खोक्यांवरचं पोतं आता तीच काढते. एका सकाळी तांबडी तिच्यासमोरच अंडं घालून उठली. अश्विनीनं ते अंडं उचललं आणि अंगणातूनच ओरडली, "आई, या पाहा! गरम हाय अजून!"

कलाबाई चुलीपुढून उठून आली. तिनं हजारदा पाहिलं होतं, तरी हात पुढे केला.