विरजणाची वाटणी

साखरा गावच्या माणिकराव आणि भीमराज या सख्ख्या भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली. म्हैस भीमराजकडे गेली, विरजणाचं गाडगं माणिकरावांकडे. घरोघरी मातीच्या चुली असतात म्हणा, पण या घरात चुलीवरचं दूधही भांडायला लागलं.

विरजण होतं त्यांच्या आईच्या, आशाबाईंच्या हातचं. रोज त्यातला चमचा ताज्या दुधात जायचा आणि उद्याचं दही व्हायचं. म्हातारी गेली, पण तिचं दही चालू राहिलं. दोघांकडे आईची तेवढीच जिवंत वस्तू उरली होती.

आता माणिकरावांकडे विरजण, पण दूध नाही. भीमराजकडे दूध, पण आईचं विरजण नाही. मी दोघांचा शेजारी. "पिशवीचं दूध आणा," असं मी माणिकरावांना सुचवलं, तर ते माझ्याच अंगावर आले. "माझ्या मायला पिशवीचं दूध?" तोवर गाडग्यात चमचाभरच विरजण उरलं, तेही आंबून गेलेलं. आज दूध मिळालं नाही तर आशाबाई दुसऱ्यांदा जाणार होत्या.

शेवटी किराणावाले अन्सारभाई पंच झाले. "दूध याचं, विरजण त्याचं, पातेलं माझ्या दुकानाच्या ओट्यावर," असा त्यांनी तोडगा काढला आणि विरजण दुधात घालूनही टाकलं.

"अन् दही कोनाचं?" भीमराजनं विचारलं.

"दूध हाय तवर तुझं, दही झालं की माणिकरावचं. बराबर?"

"मंग दूध हाय तवरच घेऊन जातो मी."

"ने की!" माणिकराव ओरडले. "पर माझं विरजण येगळं काढून दे आधी."

झालं. दुधाचं दही नेमकं कोणत्या घडीला होतं ते पकडायला दोघे शहाणे भर सकाळी पातेल्याशी मांडी घालून बसले. भीमराज झाकण उचलून म्हणायचा, "दूधच हाय." माणिकराव पातेलं तिरपं करायचे. "घट्ट होऊन राह्यलं, डोळे फुटले का तुझे?" बोटं घालून झाली, चमचे घालून झाले. अन्सारभाईंनी गिऱ्हाईक सोडून मोबाईलची बॅटरी मारली. खोटं कशाला बोलू, मीही एकदा हलवून पाहिलं.

दुपारी पाहतो तर वर पाणी, खाली गुठळ्या. धड दूध नाही, धड दही नाही.

"कवा नासलं हे?" दोघे एकमेकांवर धावले.

माणिकरावांची बायको नर्मदाबाई समोर आपल्या घराच्या उंबऱ्यात उभी होती. "दूध कवा नासलं ते इचारून राह्यले? घर कवा नासलं ते पाह्यलं व्हतं का कुनी? तवाबी तुमी दोघं असंच हलवून राह्यले व्हते."

मलाही वाईट वाटलं. भीमराजचे डोळे भरले. "वैनी, आई गेली का वं?"

तिनं गुठळ्यांतला चमचाभर निवडला, भीमराजकडून कोमट दूध मागवलं, त्यात घातला आणि पातेलं झाकलं. "सकाळपस्तोर कुनी हात लावला तर बघा."

सकाळी झाकण काढलं. दही लागलं होतं. नर्मदाबाईनं आधी दोन वाट्यांत विरजण बाजूला काढलं, मग पातेलं दोघांच्या मधे ठेवून त्यात एकच चमचा घातला.

आणि दोघे पुन्हा भांडायला लागले. "दादा, आधी तुमी." "न्हाई, तू धाकला, आधी तू खाय." बराच वेळ चाललं ते. या वेळी मी मधे पडलो नाही.