पेलिकनची मालमत्ता, वजा चौदा पूल

आमच्या शिकागोच्या अर्थमासिकात दर ऑक्टोबरला एक यादी छापून येते : अस्तित्वात नसलेल्या दहा सर्वांत श्रीमंत माणसांची. अस्तित्वात असलेल्यांची यादी मार्चमध्ये येते, पण तिच्यापाठोपाठ वकिलांच्या नोटिसा येतात. ऑक्टोबरच्या यादीवर अजून कोणीही अब्रूनुकसानीचा दावा लावलेला नाही.

मी, ओटिस लिंडक्विस्ट, तपासनीस खात्यात सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो. छापायच्या मजकुरातला एकेक शब्द खरा आहे का, हे फोन करकरून विचारायचं आणि खरा निघाला की त्यावर पेन्सिलीने खूण करायची, एवढंच काम. खूण नसलेला शब्द आमच्याकडे छापला जात नाही. माझे सहा महिने महिनाअखेरच्या शुक्रवारी संपत होते आणि खात्यात कायमची जागा एकच होती.

"लिंडक्विस्ट, यादीतला पहिला नंबर तुझ्याकडे देतेय," खातेप्रमुख मिसेस वोइचिक तीन आठवडे आधी म्हणाल्या. "एक चूक सुटली, तर रॉकफर्डला आईकडे. एकही सुटली नाही, तर जागा तुझी."

पहिला नंबर म्हणजे पेलिकन. दिवसा कारखानदार ॲलिस्टर पेनहॅलो. अंधार पडला की पाणपक्ष्याचा पोशाख चढवून चोर पकडणारा. पकडलेले चोर तो चोचीखालच्या पिशवीत भरतो. १९६१पासून त्याचा अंक दरमहा निघतो आहे, आणि देशातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी गळ्याला उशीचा अभ्रा बांधून जिन्यावरून उडी मारलेली आहे. मीही मारली आहे. तीन टाके.

लेख ग्रँट हॉलिसचा होता. ग्रँट आमचा नावाजलेला लेखक, त्यामुळे तो कधी कुणाला फोन करत नसे. त्याने पेनहॅलोची मालमत्ता लिहिली होती नऊ अब्ज वीस कोटी डॉलर. मुखपृष्ठसुद्धा तयार होतं : पेलिकन नोटांच्या ढिगावर बसून अंडी उबवतोय.

"हा आकडा कुणाकडून तपासून घेऊ?" मी विचारलं.

"पेलिकनला फोन लाव की," ग्रँट म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

मी मिसेस वोइचिकना विचारलं. त्या हसल्या नाहीत. त्या नियम सांगताना कधीच हसत नाहीत.

"माणूस जिवंत असेल तर त्याला विचार. मेला असेल तर वारसांना. जन्मलाच नसेल, तर छापील पान हाच त्याचा जन्मदाखला. सगळी पानं वाच."

सगळी म्हणजे सातशे बेचाळीस अंक. मी वाचले. कारखाने जुळले, वाडा जुळला, गुहा जुळली, गुहेतली पाणबुडी जुळली. खुणांवर खुणा करत मी सुखाने चाललो होतो. पण बहुतेक अंकांच्या शेवटच्या पानावर एक गोष्ट पुन्हापुन्हा येत होती. मारामारीच्या दुसऱ्या दिवशी पेनहॅलो पत्रकारांपुढे येतो आणि म्हणतो, "शहराचं झालेलं सगळं नुकसान माझी कंपनी भरून देईल." असं तो सहाशे अकरा वेळा म्हणालाय. दिल्याचं मात्र एकाही अंकात दाखवलेलं नाही.

मी नुकसान मोजायला बसलो. नगरभवनाचा मनोरा एकतीस वेळा. क्रीडांगण नऊ वेळा, त्यातलं एकदा अंतिम सामना चालू असताना. नदीवरचा मोठा पूल चौदा वेळा, आणि दर वेळी तोच पूल. पूल बांधणाऱ्या तीन कंपन्यांना फोन करून भाव घेतला. एकाने विचारलं, "काम कधी सुरू करायचं?" नुसते पूलच चार अब्ज वीस कोटींचे झाले. एकूण नुकसान दहा अब्ज साठ कोटी.

म्हणजे देशाचा लाडका अब्जाधीश एक अब्ज चाळीस कोटींनी खड्ड्यात होता.

शुक्रवारी बैठक बसली. ग्रँट हातात कागद घेऊनच आला.

"हे बघ ओटिस, मी वकिलाला विचारून आलोय," तो गोड आवाजात म्हणाला. "आपल्या राज्यात नुकसानीचा दावा पाच वर्षांत लावावा लागतो. त्यानंतर बाद. तुझा पहिला पूल पडला बासष्ट साली. उरला गेल्या पाच वर्षांतला एक पूल आणि दोन मनोरे. तेवढे वजा कर आणि माझा पेलिकन पहिल्या जागी ठेव. जाताना दार लावून घे."

त्याने चक्क वकिलाला फोन केला होता, हे ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. मिसेस वोइचिकनी चष्मा काढला.

"पोरा, उत्तर आहे का?"

रॉकफर्डची बस सव्वासहाला असते, एवढंच डोक्यात होतं. आणि मग एकदम अंकांमधला पेलिकनच्या वाढदिवसाचा केक आणि त्यावरच्या मोजक्या मेणबत्त्या डोळ्यांपुढे आल्या.

"एक फोन करू?" मी म्हणालो.

पेलिकनच्या प्रकाशन कंपनीत ओपल ट्रिंबल नावाच्या बाई आहेत. वय एकोणऐंशी. कुठल्या अंकात काय घडलं, याची कार्डं त्या पहिल्या वर्षापासून लिहीत आल्या आहेत. मी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"मिस ट्रिंबल, पेलिकनचं आजचं वय?"

"चौतीस," त्या म्हणाल्या. कार्डाची गरजच पडली नाही.

"आणि पहिल्या अंकात?"

"तीस."

"मधली साठ वर्षं कुठे गेली?" ग्रँट ओरडला.

"हा कोण ओरडतोय? साठ वर्षं तुमची झाली, राजा. त्याची चारच झाली. आमच्याकडे कोणी म्हातारं होत नाही, मी सोडून."

मी हळूच म्हणालो, "म्हणजे सगळे पूल गेल्या चार वर्षांत पडलेत. एकही दावा बाद नाही."

"चार वर्षांत सातशे बेचाळीस मारामाऱ्या?" ग्रँटचा आवाज चिरकला. "तो झोपतो कधी?"

"अंक दोनशे नऊ," फोनमधून उत्तर आलं. "झोपला होता. शहर बुडालं."

मिसेस वोइचिकनी नऊ अब्ज वीस कोटींवर आडवी रेघ मारली. इतकी सरळ की पट्टीची गरज नव्हती. वर त्यांनी लिहिलं : वजा एक अब्ज चाळीस कोटी. आणि स्वतःच्या हाताने खूण केली.

"पण मुखपृष्ठ!" ग्रँट म्हणाला.

"अंडी राहू देत. नोटा काढा."

तपासनीस खात्यात आम्ही पाचजण. बाकीचे तिघं दाराशी कान लावून उभे होते, ते आत आले आणि त्यांनी मला खुर्चीसकट उचललं. खुर्चीला चाकं होती, म्हणून उचलायची गरज नव्हती, पण त्यांनी उचललं. पहिल्या मजल्यावरच्या जाहिरात खात्यातून मला मिरवत नेलं. तिथल्या लोकांना कारण माहीत नव्हतं, तरी तेही उभे राहिले.

खाली उतरवल्यावर मी आईला फोन केला. ती रॉकफर्डच्या केशकर्तनालयात काम करते. मागे ड्रायरचा घरघराट चालू होता.

"आई, नोकरी पक्की झाली."

"काय केलंस रे?"

"एका अब्जाधीशाचं दिवाळं काढलं."

"अगं बाई! त्याची बायकामुलं?"

"तो नाहीच आहे."

"गेला?"

"जन्मलाच नाही."

मग तिने महत्त्वाचं विचारलं. "आणि आजारपणाचा विमा?"

"एक तारखेपासून. दातांसकट."

फोन कुठेतरी आपटला. लांबून तिचा आवाज आला, "ऐकलंत का ग सगळ्यांनी? दातांसकट!" आणि रॉकफर्डच्या डझनभर बायका, डोक्याला रंग लावलेल्या, एकदम टाळ्या वाजवायला लागल्या.